मूर्तिकामासाठी क्ले कोणती घ्यायची?

आधी एकच ठरवा, काम झाल्यावर त्या मूर्तीचं पुढे काय करायचंय, कारण क्ले त्यावरच ठरते, रंग आणि पॅकिंग नंतर बघा.

मोल्ड (साचा) काढून कास्टिंग, म्हणजे साच्यात दुसरं मटेरियल ओतून मूर्तीची प्रत करणार असाल तर ऑइल बेस्ड क्ले बेस्ट. ती वाळतच नाही, महिन्यांनी परत बसलात तरी चालतं, आणि नाक-डोळे कितीही वेळा मोडून परत करता येतात. फक्त घेताना सल्फर फ्री आहे का ते नक्की बघा, कारण काही क्लेमध्ये गंधक असतं आणि तिच्यावर प्लॅटिनम सिलिकॉन (साचा बनवायचं एक रबर) ओतलं की ते सेटच होत नाही, चिकट राहतं आणि सगळी मेहनत वाया जाते हो!

छोटी, बारीक डिटेलची मूर्ती कायम ठेवायची असेल तर पॉलिमर क्ले. ओव्हनमध्ये साधारण १३० डिग्री सेल्सिअसला पक्की होते, पण पाकिटावरचं तापमान पाळाच, जास्त झालं तर जळते आणि धूर वाईट असतो.

साधी ओली माती मला सगळ्यात जास्त आवडते, हाताला तिच्यासारखं काहीच लागत नाही. पण वाळताना ती आक्रसते, म्हणून आत तारेचा सांगाडा असेल तर हमखास तडे जातात. भट्टीत भाजायची असेल तर सांगाडा नकोच, आणि जाड भाग आतून पोकळ करा.

एअर ड्राय क्ले (भट्टीशिवाय हवेतच वाळणारी) शिकायला ठीक, पाण्यापासून मात्र जपा.

आणि पहिल्यांदा छोटंच पाकीट घ्या, गोळा मळून बोटाने दाबून बघा, कडा धरून राहते का ते लगेच कळतं.