वणव्यावर उडी: जमिनीला टेकणं आणि झाडावरून सुटणं

अमेरिकेत वणवा विझवायला विमानातून उडी मारणाऱ्यांना स्मोकजंपर म्हणतात. 1940 साली 12 जुलैला आयडाहोच्या नेझ पर्स जंगलात आगीवर पहिली उडी पडली. नवख्याला धास्ती असते छत्री (पॅराशूट) न उघडण्याची. घोटे, गुडघे आणि कंबर मात्र दुखावतात ती छत्री नीट उघडल्यावर, उतरताना.

गोल छत्रीची उडी साधारण 1500 फुटांवरून असते, म्हणजे हातात दोन मिनिटंही नसतात. बाहेर पडताना अंग वेडंवाकडं झालं तर दोऱ्यांना पीळ बसतो. अशा वेळी खांद्यावरचे रायझर, म्हणजे छत्रीच्या दोऱ्या जोडलेले पट्टे, दोन्ही हातांनी फाकवा आणि सायकल मारल्यासारखे पाय हलवा.

जमीन जवळ आली की तोंड वाऱ्याकडे करा. पाय आणि गुडघे घट्ट जुळवून किंचित वाकवा, नजर क्षितिजावर ठेवा. खाली पाहिलं की एक पाय नकळत पुढे जातो आणि सगळा भार त्याच घोट्यावर येतो. आधी चवडे टेकवा, मग पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठ या क्रमाने एका कुशीवर लोळा. हात टेकायचा नाही. मनगट जातं, कधी खांदाही.

झाड टळत नसेल तर हिरवं, धडधाकट झाड निवडा आणि थेट शेंड्यावर जा, म्हणजे छत्री टोपीसारखी बसेल. नुसती कडेची फांदी घासली तर छत्री मिटते आणि माणूस दगडासारखा खाली येतो. वाळलेलं झाड तर नकोच, ते छत्रीसकट मोडतं.

अडकल्यावर घाई करू नका. आधी वर बघा: छत्री खरंच धरली आहे का? पायाच्या खिशात सुमारे 150 फूट दोर असतो. तो सूटवरच्या कड्यांतून ओवून रायझरला बांधा, ढील काढून ताण घ्या, गळ्याभोवती किंवा हेल्मेटवर काही अडकलं नाही ना हे हाताने चाचपा. त्यानंतरच रायझर सोडा. भार दोरावर यायच्या आधी रायझर सुटला, तर मधे धरायला काहीच उरत नाही. गाठ बरोबर असूनही क्रमाची ही अदलाबदल जीव घेऊ शकते, म्हणून प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत करा.

सराव जाड सूट, हातमोजे आणि तोंडावर जाळी घालूनच करा; मोकळ्या बोटांना सहज जमणारी गाठ हातमोज्यात निसटते.