एकेश्वरी धर्मांत सत्य शोधताना: कोल्हापुरातल्या अभ्यासूसाठी वाट

"सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" हे वाक्य आपल्याकडे इतक्या मायेने म्हटले जाते की ते तपासायचे राहूनच जाते. येशूचे उदाहरण घ्या. ज्यू म्हणतात, तो मसीहा (देवाने पाठवायचा तारणारा) नव्हता. ख्रिस्ती म्हणतात, तो देवाचा पुत्र, वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. कुराण म्हणते, तो मसीहा आणि पैगंबर होता, कुमारी मरियमच्या पोटी जन्मला, पण त्याला कुणी सुळी देऊ शकले नाही (सूरह म्हणजे अध्याय 4, आयत म्हणजे वचन 157). ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. सत्य हवे असेल तर अशा फाट्यांवर जाऊन उभे राहावे लागते. फाटे मोजकेच आहेत, आणि घरसंसार, नोकरी सांभाळून रोज पाऊण तास दिला तर वर्षभरात ते नीट पाहून होतात.

वर्षच का? कारण त्यात रमजान, ईस्टर, ज्यूंचा उपासाचा दिवस योम किप्पूर, शिखांचा गुरुपुरब हे सगळे एकदा येऊन जातात. नुसते ग्रंथ वाचून धर्म कळत नाही. तो पाळणारा माणूस उपास कसा करतो, मयतीला काय म्हणतो, हेही पाहावे लागते.

हा उद्योग आपल्या मातीला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी एका कुटुंबाचे चित्र रेखाटले: बाईने बौद्ध ग्रंथ वाचून पटल्यास तो धर्म घ्यावा, नवऱ्याने जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे, आणि तरी सगळ्यांनी एकाच घरात प्रेमाने राहावे. फुल्यांचा 'निर्मिक', म्हणजे सृष्टीचा निर्माता, एकच आहे. कोल्हापुरात सत्यशोधक समाज 1911 साली उभा राहिला. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केले, आणि कुराण मराठीत यावे म्हणून त्यांनी पुढाकारही घेतला. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये इथे आले. म्हणजे या शहरात विचारायला माणसे आहेत आणि विचारण्याची रीतही आहे.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर ग्रंथ काय म्हणतो ते संदर्भासह लिहा, उजव्या पानावर तुमची शंका. दोन्ही एकाच पानावर लिहिले की महिन्याभराने ग्रंथाचे कुठले आणि आपले कुठले हे ओळखता येत नाही. पहिल्या पानावर चार प्रश्न असू द्या. देव एक आहे म्हणजे नेमका कसा एक? तो माणसाशी बोलला का, आणि कुणामार्फत? ते बोलणे आपल्यापर्यंत शाबूत पोचले का? मेल्यानंतर काय?

शेवटचा प्रश्न वारकरी किंवा नाथपंथी घरात वाढलेल्या माणसाला सर्वांत जास्त अडतो. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मात जन्म एकच, मग पुनरुत्थान आणि न्याय. ज्यूंचा मुख्य प्रवाह तेच मानतो, पण त्यांच्या गूढवादी परंपरेत पुनर्जन्माला जागा आहे. शीख धर्म देव एकच आणि अजन्मा मानतो, तो अवतार घेत नाही म्हणतो, पण कर्म आणि जन्ममरणाचा फेरा मान्य करतो. पुनर्जन्म आपल्याला लहानपणापासून गृहीत असतो. ते गृहीतक वहीत उघडपणे लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक ग्रंथ तुम्ही त्याच चष्म्यातून वाचाल.

वाचनाचा क्रम

बहुतेकांची गाडी इथेच अडते. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतले की उत्पत्ती आणि निर्गम झपाट्याने जातात, आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात होमार्पणांचे नियम सुरू झाले की पुस्तक कपाटात जाते. कुराण पहिल्या पानापासून घेतले की सात आयतींच्या फातिहानंतर थेट 286 आयतींची बकरह येते. तिच्यात कथा, कायदा, वारसा, युद्ध सगळे एकापाठोपाठ आहे. कुराणातल्या सूरह कालक्रमाने लावलेल्या नाहीत. ढोबळमानाने लांब आधी, आखूड शेवटी अशी त्यांची मांडणी आहे.

म्हणून सुरुवात एका सामाईक कथेने करा. उत्पत्तीचे अध्याय 37 ते 50 आणि कुराणातली सूरह 12, दोन्हींत योसेफाची म्हणजे यूसुफची कथा आहे. एकेका संध्याकाळी एकेक वाचा आणि फरक टिपा. उत्पत्तीत मालकाच्या बायकोच्या हातात योसेफाचे वस्त्र राहते आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. कुराणात सदरा पाठीमागून फाटलेला निघतो आणि त्यावरून यूसुफ निर्दोष ठरतो. कुराणातला यूसुफ तुरुंगातल्या सोबत्यांना एका देवाचा उपदेश करतो. उत्पत्तीत तो प्रसंग नाही. उलट, योसेफाचा भाऊ यहूदा याने धाकट्या भावासाठी केलेली लांबलचक विनवणी कुराणात नाही. कोणता ग्रंथ कशासाठी कथा सांगतो हे या दोन संध्याकाळींत कळते.

मग मार्कचे शुभवर्तमान, म्हणजे नव्या करारातले येशूचे एक चरित्र. त्याचे एकूण अध्याय सोळाच, एका बैठकीत दीड-दोन तासांत होते, आणि ते एकाच बैठकीत वाचणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर लूकचे पहिले दोन अध्याय आणि सूरह 19 शेजारीशेजारी ठेवा. लूकमध्ये बाळ गव्हाणीत आहे, कुराणात मरियम खजुराच्या झाडाखाली प्रसववेदना सोसते आणि पाळण्यातले बाळ स्वतः बोलते. पुढे नव्या करारातलीच योहान, प्रेषितांची कृत्ये, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वच्छ म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार व्यर्थ. ख्रिस्ती दावा तपासायचा असेल तर घाव याच जागी घालावा, कारण त्यांनी स्वतःच ती जागा दाखवली आहे.

कुराणासाठी आधी तिसावा पारा (कुराणाच्या तीस भागांपैकी शेवटचा), म्हणजे मक्केतल्या बहुतेक छोट्या सूरह. मग 12 आणि 19 पुन्हा, आणि त्यानंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन दिवसांत एक पारा. तीस पाऱ्यांना दोन महिने लागतात. प्रत्येक सूरह मक्केची (साधारण 610 ते 622) की मदीनेची (622 ते 632) हे मथळ्याजवळ दिलेले असते, ते पाहूनच वाचा. युद्धाच्या आयती संदर्भाशिवाय वाचल्या की हमखास चूक होते, मग ती निंदा करणाऱ्याची असो की समर्थन करणाऱ्याची.

ज्यूंचा ग्रंथ म्हणजे ख्रिस्ती बायबलचा पूर्वार्ध, असे समजून पुढे जाऊ नका. प्रॉटेस्टंट जुन्या करारात जी 39 पुस्तके आहेत तीच ज्यू 24 मोजतात, त्यांचा क्रम वेगळा, शेवट वेगळा. यशयाचा 53 वा अध्याय ख्रिस्ती माणसाला येशूचे वर्णन वाटतो, ज्यू वाचकाला त्यात दुःख सोसणारे इस्राएल राष्ट्र दिसते. दोन्ही वाचने वहीत समोरासमोर लिहा. सोबत याच ग्रंथातली 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले 6:4, आमोस, ईयोब ही पुस्तके आणि रोज एक स्तोत्र. स्तोत्रे 150 आहेत, पाच महिने पुरतात.

शीख धर्म समजून घ्यायला जपुजी साहिब ही प्रार्थना पुरेशी आहे: मूलमंत्र, 38 पउड्या (कडवी) आणि अखेरचा श्लोक. नंतर शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातली नामदेवांची पदे वाचा, ती 61 आहेत. आपल्याला अभंगांतून माहीत असलेले नामदेव 1430 पानांच्या त्या ग्रंथात कसे भेटतात हे मराठी वाचकाने पाहायलाच हवे.

शक्य तिथे एकाच ग्रंथाची दोन मराठी भाषांतरे जवळ ठेवा. 1850 साली सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. फुकट वाटलेल्या प्रती वाचायला हरकत नाही, मात्र कोणी छापल्या हे मागच्या पानावर पाहा, कारण टीपा त्या पंथाच्या असतात.

ग्रंथ शाबूत आहे का?

या प्रश्नावर प्रत्येक बाजू दुसऱ्याची उणी बाजू सांगते आणि आपली झाकते. तुम्ही दोन्ही पाहा. मार्क 16:9 ते 20 ही वचने चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, आणि बऱ्याच आवृत्त्यांत ती कंसात किंवा टीपेसह छापतात. दुसरीकडे, 1947 पासून मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाचा संपूर्ण ग्रंथ मिळाला. तो तोवरच्या ज्ञात हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षे जुना, आणि मजकूर बराचसा तोच. कुराणाची प्रमाण प्रत तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, सातव्या शतकाच्या मध्याला ठरली. आजही हफ्स आणि वर्श अशा वाचनपरंपरा आहेत आणि त्यांत काही शब्दांचे फरक आहेत. ही माहिती त्या त्या धर्माचे विद्वान स्वतः देतात. ती ऐकून विश्वास लगेच कोसळायलाही नको, आणि ती नाकारायलाही नको.

माणसांकडे जाताना

मशिदीत आधी इमामसाहेबांना विचारून जा. जुम्याच्या दिवशी दुपारी गर्दी असते, नमाज झाल्यावर त्यांना वेळ मिळतो. बाईमाणसांसाठी जागा प्रत्येक मशिदीत असेलच असे नाही, म्हणून फोनवर विचारून घ्यावे. चर्चमध्ये रविवारी सकाळची मराठी उपासना गाठा. नारायण वामन टिळकांची गीते तिथे ऐकायला मिळतील. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याची, वेळ आली की जागेवर बसून राहा. बाप्तिस्मा न झालेल्याने ते घ्यायचे नसते, आणि कुणी त्याबद्दल वाईट वाटून घेत नाही. गुरुद्वारात डोके झाका, पाय धुवा, कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. ज्यू उपासनेसाठी पुणे गाठावे लागते, साधारण 230 किलोमीटर. तिथल्या सिनेगॉगमध्ये आधी परवानगी आणि ओळखपत्र लागते, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, फोन आणि फोटो बंद. बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातली ज्यू मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत, त्यामुळे संवादाची अडचण नाही.

प्रश्न पाचच न्या, लिहून न्या, आणि त्यांत एक हा ठेवा: "कोणती गोष्ट सिद्ध झाली तर तुमचा विश्वास डळमळेल?" उत्तर देणारा प्रामाणिक असेल तर थोडा वेळ घेईल. त्याला तो वेळ द्या.

कोल्हापुरात एक गल्लत फार होते. बाबूजमाल दर्ग्यातले पंजे, मोहरमात हिंदू घरांचे नवस, गणपती आणि पीर एकाच मांडवात, हे आपल्या गावाचे खरे वैभव आहे. पण त्यावरून इस्लामचा सिद्धांत ठरवता येत नाही. पंजे आणि नवस यांना कित्येक मौलाना स्पष्ट विरोध करतात. तसेच शेजारच्या ख्रिस्ती घरातला नाताळ म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे. दुसरी चूक याहून वाईट: आपल्या धर्माचा संत आणि दुसऱ्याच्या धर्माचा गुंड यांची तुलना. संताशी संत, ग्रंथाशी ग्रंथ. यूट्यूबवरचे वादविवाद पहिले सहा महिने पाहू नका. तिथे जिंकण्याची घाई असते आणि ती आपल्याला लागते.

घरात मयत झाली असेल, नोकरी गेली असेल, लग्न मोडले असेल, तर वाचा, प्रार्थना करा, पण त्या काळात कायमचा निर्णय घेऊ नका. त्या काळात कुणी पैसे, नोकरी किंवा लग्नाची हमी देऊन बोलावत असेल तर तिथून उठावे.

उंबरठा ओलांडण्याआधी

इस्लाममध्ये मनापासून कलमा म्हणणे म्हणजेच प्रवेश, म्हणून "म्हणून तर बघा" असे कुणी म्हटले तरी गंमत म्हणून म्हणू नका. कॅथलिक चर्चमध्ये शिकवणीला बरेच महिने लागतात, बाप्तिस्मा सहसा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. ज्यू धर्मात रब्बी (धर्मगुरू) आधी परावृत्तच करतात. बिगर-ज्यूंना नोहाचे सात नियम पुरेत अशी त्यांची धारणा आहे. शिखांत पंज प्यारे, म्हणजे पाच दीक्षित शीख, अमृत देऊन दीक्षा देतात. भारतातल्या पारशी अग्यारीत बाहेरच्यांना प्रवेश नाही.

कायद्याचे कागद वकिलाकडून आधी समजून घ्या. संविधानाचे कलम 25 विवेकाचे स्वातंत्र्य देते. पण 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) यांनाच आहे, ख्रिस्ती किंवा मुसलमान झाल्यावर तो राहत नाही. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचे धर्मांतर घटस्फोटाचे कारण होऊ शकते. धर्मांतराने तुमचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 26 नुसार नंतर जन्मलेली मुले, वारसा उघडताना हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीला मुकतात. आंतरधर्मीय लग्नासाठी धर्म बदलावा लागत नाही, 1954 चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे.

आणि घर. जोतिबाचा खेटा, नवरात्रात अंबाबाईचा प्रसाद, कुलाचार कोण करणार, हे प्रश्न निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी दारात येतात. प्रसादाचेच बघा: मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 8 ते 10 अध्यायांत सविस्तर चर्चा आहे आणि ख्रिस्ती मंडळींत त्यावर एकमत नाही. मुसलमान सहसा घेत नाहीत. आईच्या हातचा प्रसाद नाकारायची वेळ येण्याआधीच तिच्याशी बोला. वर्षाच्या सुरुवातीलाच, वही कोरी असताना, काय शोधतो आहोत ते तिला सांगून ठेवा, आणि तिने विचारलेले प्रश्नही त्याच वहीत उजव्या पानावर लिहा.