ऑपरेशन आणि लाईट झालेली मान एमआरआयवर वाचताना: रेडिओलॉजीत नवीन आलेल्यांसाठी

रेडिओलॉजीला नवीन आलेली पोरं-पोरी सगळ्यात जास्त कशाला टरकतात तर कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन (लोक त्याला लाईट म्हणतात) होऊन गेलेल्या मानेच्या एमआरआयला, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. एका बाजूचा जबडा काढलेला, लाळेची ग्रंथी गायब, छातीचा स्नायू वर आणून गालात शिवलेला, उरलेल्या भागाला सूज, आणि या सगळ्यात छोटीशी गाठ परत आलीय का ते सांगायचं. कोल्हापुरात राहून हे टाळता येत नाही. तंबाखू, मिश्री, मावा घरोघरी, पलीकडं निपाणी म्हणजे तंबाखूचं आगारच, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, एखाद्या टपरीवर जाऊन बघा. त्यामुळं गाल, हिरडी, जीभ यांचे कॅन्सर आपल्याकडं लई, आणि उपचार झाल्यावर फॉलोअपला येणारेही तेवढेच.

माझं सगळ्यात आधीचं सांगणं एकच, इमेज उघडायच्या आधी पेशंटची पिशवी उघडा. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीकडनं आलेल्या माणसाच्या हातात साडीच्या दुकानाची एक पिशवी असते, त्यात मेडिकलची बिलं, योजनेच्या कागदांचे झेरॉक्स, चार घड्या घातलेली फिल्म आणि कुठंतरी तळाला डिस्चार्ज कार्ड. त्यातनं तुम्हाला हवंय काय, तर ऑपरेशन कुठल्या बाजूचं, जबडा किती काढला, फ्लॅप (काढलेल्या जागी दुसरीकडनं आणून शिवलेला स्नायू किंवा कातडी) कुठला लावला, बायोप्सी रिपोर्टमध्ये मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडा कशा होत्या आणि नसेभोवती (नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) कॅन्सर सापडला होता का, रेडिएशनची शेवटची तारीख, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे जुना स्कॅन. फिल्मवर भागत नाही, सीडी मागा, नसली तर ज्या सेंटरला काढलाय तिथं फोन करा.

हे सगळं एवढ्यासाठी, की उपचारानंतरच्या मानेत एकटा स्कॅन फार कमी बोलतो. लाईट संपल्यावर पहिले काही महिने सगळंच सुजलेलं असतं, त्वचा जाड, चरबीत रेघा, घशाच्या मागं पाणी, लाळग्रंथी कॉन्ट्रास्ट (शिरेतनं दिलेलं स्कॅनचं औषध) घेऊन चमकतायत. म्हणून बेसलाइन, म्हणजे पुढं तुलनेला धरायचा पहिला स्कॅन साधारण ८ ते १२ आठवड्यांनी काढतात, आणि पेट-सीटी तर १२ आठवड्यांच्या आत केला की खोटे अलार्म फार वाजतात. कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. उपचाराची सूज महिन्यागणिक ओसरत जाते, त्यामुळं बेसलाइनला नसलेली जाडी वर्षभरानं दिसायला लागली की कान टवकारायचे.

आता स्कॅनच्या आधीचं. हे टेक्निशियनचं काम म्हणून सोडून देऊ नका, निदान सुरुवातीला तरी स्वतः जाऊन उभे राहा. गळ्यात धातूची ट्रॅकिओस्टॉमी ट्यूब (श्वासासाठी गळ्याला भोक पाडून घातलेली नळी) असेल तर ती प्लॅस्टिकची करून घेतल्याशिवाय आत न्यायचं नाही. प्लॅस्टिकच्या ट्यूबलाही बाहेर जो छोटा फुगा लोंबत असतो त्याच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक स्प्रिंग असू शकते, तो स्कॅनच्या भागापासनं लांब चिकटपट्टीनं लावायचा, नाहीतर नेमकी हवी ती जागा काळी पडते. रायल्स ट्यूबच्या, म्हणजे नाकातनं पोटात घातलेल्या नळीच्या टोकालाही धातूचे मणी असतात, तेही बघून घ्या. सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) झालेलं असतं म्हणजे किडनीला मार बसलेला असू शकतो, तर कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनीन बघायचंच. आणि ट्रॅकिओस्टॉमीच्या पेशंटला आत ओरडता येत नाही हो, बझर हातात दिलाय का, तो दाबता येतोय का हे एकदा दाबून घेऊन बघा.

लाळ आणि आवंढा हे वेगळंच प्रकरण. तोंड दोन बोटंही उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, वर उताणं झोपवलंय, मग माणूस सारखा आवंढा गिळणार आणि स्कॅन हलणार. आधी नीट सक्शन करून घ्यायचं आणि त्याला समजेल असं सांगायचं, मामा, मशिनचा आवाज चालू असला की गिळायचं नाही, आवाज थांबला की मग गिळा. एवढ्या एका वाक्यानं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या कॉइलनं (मशिनचा सिग्नल पकडणारा भाग) पण पडत नाही.

इमेज उघडल्यावर नवीन लोक थेट कॉन्ट्रास्टच्या सिरीजकडं पळतात. नका पळू. आधी साधा टी-वन (स्कॅनच्या सिरीजचा एक प्रकार) बघा, फॅट सप्रेशन म्हणजे चरबीचा सिग्नल दाबणं नसलेला, कारण त्यात चरबी पांढरी दिसते आणि गाठ जिथं जाते तिथली पांढरी चरबी करडी होते, हाडाच्या मज्जेतही तसंच. मग टी-टू, पाणी आणि सूज पांढरी दाखवणारी सिरीज. जुना पक्का व्रण टी-टूवर काळपट, रेघेसारखा, आत ओढलेला असतो, आणि परत आलेला कॅन्सर मध्यम करडा, गोळ्यासारखा, बाहेर फुगणारा. मग डिफ्यूजन, म्हणजे पाण्याची हालचाल दाखवणारी सिरीज. कॅन्सरमध्ये पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात, एसटी स्टँडवर जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जशी हालचाल करता येत नाही तसं तिथल्या पाण्याला हलता येत नाही, म्हणून बी-व्हॅल्यू १०००ला (डिफ्यूजनची जोरदार सेटिंग) ती जागा चमकते आणि एडीसी मॅपवर (पाणी किती मोकळं फिरतंय त्याचा नकाशा) काळी पडते. सुजेत पाणी मोकळं फिरतं म्हणून एडीसी वर जातो.

इथं पहिला खड्डा. नुसता एडीसी मॅप बघून काळं म्हणजे कॅन्सर असं लिहायचं नाही, कारण जुना घट्ट व्रणही एडीसीवर काळा दिसतो. पण तो बी-१०००लाही काळा असतो आणि टी-टूलाही काळा. तिन्ही शेजारी शेजारी लावा. पू झाला असेल तरी डिफ्यूजन अडतं, तर ताप, लालसरपणा, सीबीसी विचारा. आणि जबड्याला टायटॅनियमची पट्टी असेल तर नेहमीचं डिफ्यूजन वेडंवाकडं येतं, तिथं नॉन-ईपीआय डिफ्यूजन (धातूमुळं कमी बिघडणारा प्रकार) आणि फॅट सप्रेशनसाठी स्टर ही सिरीज वापरायला सांगा.

दुसरा खड्डा फ्लॅपचा. पीएमएमसी म्हणजे छातीचा स्नायू गळपट्टीच्या हाडावरून मानेत वर आणलेला, तो सुरुवातीला सुजतो आणि कॉन्ट्रास्टही घेतो, आणि नवीन रेसिडेंट त्यालाच मास म्हणून लिहितात. धागे धागे दिसतायत का बघा, स्नायूच आहे तो, पुढं हळूहळू वाळून त्यात चरबी भरते. कॅन्सर परत येतो तो बहुतेक वेळा फ्लॅपच्या कडेला, टाक्यांच्या रेषेवर. म्हणून फ्लॅपचं पोट नाही, त्याची पूर्ण कड फिरून बघायची, वर, मागं, जिभेच्या बाजूला. तसंच जीभ हलवणाऱ्या बाराव्या नसेला धक्का लागलेला असेल तर अर्धी जीभ मागं लोंबते आणि टी-टूवर चमकते, ती पण गाठ नसते.

नसांचं एक उदाहरण सांगतो. शिरोळकडचे एक काका, डाव्या गालाचं ऑपरेशन, जबड्याचा मागचा भाग काढलेला, तोंडात बघितलं तर फ्लॅप एकदम स्वच्छ. तक्रार काय, तर डावी दाढ ठणकते. त्या बाजूला दाढ नव्हतीच! असलं काही ऐकलं की थेट कवटीच्या तळाशी जायचं. साध्या टी-वनवर उजव्या फोरामेन ओव्हेलखाली (कवटीच्या तळाचं नस बाहेर पडायचं भोक) चरबीचा पांढरा ठिपका होता, डावीकडं तो गायब, आणि कॉन्ट्रास्टनंतर पाचव्या नसेची तिसरी शाखा जाड होऊन चमकत थेट मेकेल्स केव्हपर्यंत (कवटीच्या आतली त्याच नसेची खोबण) गेलेली. स्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं तोंड-घसा बघून, हे कधीच दिसलं नसतं, एमआरआय लागतो तो अशाच ठिकाणी. हाडाच्या बाबतीत मात्र एमआरआयवर एकट्यानं विसंबू नका, रेडिएशननं हाड मेलेलं आणि हाडात कॅन्सर हे दोन्ही टी-वनवर काळे दिसतात, वरचा कडक थर कसा तुटलाय ते सीटीवर जास्त नीट कळतं.

रिपोर्ट लिहिताना अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचं नाय-रॅड्स, म्हणजे शंकेला नंबर द्यायची पद्धत वापरा. मूळ जागेला वेगळा नंबर, मानेतल्या लिम्फ नोडच्या गाठींना वेगळा. १ म्हणजे काही नाही, नेहमीचा फॉलोअप. २ म्हणजे थोडी शंका, मूळ जागेत ती वरवरची असेल तर डॉक्टरांनी डोळ्यानं बघावं, खोल असेल तर लवकर पुन्हा स्कॅन किंवा पेट. ३ म्हणजे दाट शंका, बायोप्सी. ४ म्हणजे परत आलाय हे नक्कीच. मला याचा फायदा असा वाटतो की तुम्हाला बाजू घ्यावीच लागते, नाहीतर आपल्याकडं ‘क्लिनिकली कोरिलेट’, म्हणजे पेशंट तपासून तुम्हीच ठरवा, असं लिहून मोकळं व्हायची फार सवय. लाईट घेतलेल्या जागेवर बायोप्सी केली की जखम भरायला त्रास होतो, त्यामुळं ३ लिहिताना सर्जन नेमकी सुई कुठं घालणार ते लिहा, फ्लॅपच्या मागच्या वरच्या कडेला, आकार इतका, इमेज नंबर अमुक. आणि ३ किंवा ४ असेल तर रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता सर्जनला फोन लावा, कारण नातेवाईक तोवर दारात येऊन उभे असतात आणि परत आलंय काय हो हे आधी तुम्हालाच विचारतात.