मृगाआधीचा बाजार: लोणचं, साखरांबा आणि आंब्याच्या केकमध्ये या चुका टाळा

दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला एक फोन ठरलेला असतो. "मावशी, लोणच्यावर पांढरं काहीतरी आलंय, वरवरचं काढून टाकलं तर चालेल ना?" भाच्या, सुना, शेजारणी, माणसं बदलतात, प्रश्न तोच. आणि चूक झालेली असते मेच्या शेवटच्या आठवड्यात, ७-८ जूनला मृग लागायच्या आत सगळं उरकायच्या घाईत.

या दिवसांत बाजारात सगळं एकदमच येतं. लोणच्याची निबर कैरी, उतरणीला लागलेला हापूस, पायरी, बरका म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा फणस, रातांबे म्हणजे कोकमाची फळं, करवंदं. पिशवी भरून आणायचा मोह मला समजतो. पण यातल्या प्रत्येक फळात भरपूर पाणी असतं आणि ते आपल्या घाईसाठी थांबत नाही. बिघडलेल्या बरण्या आणि बसलेले केक मी इतके पाहिलेत, की आता आधीच सांगून टाकते.

फोडी धुणं आणि गरम फोडणी ओतणं

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेने दहा किलो कैरी बाजारातूनच फोडून आणली. अडकित्त्यावर भराभर फोडलेल्या फोडी, त्यांना कोयीचा चुरा आणि धूळ लागलेली. तिने त्या नळाखाली धुतल्या, चाळणीत निथळल्या, अर्धा तास पंख्याखाली पसरल्या आणि मसाल्यात घातल्या. संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून फोडणीही गरम असतानाच ओतली. बरणी भरली, तोंडाला दादरा म्हणजे फडकं बांधलं आणि ती गावाला गेली. आषाढीच्या सुमारास दादरा सोडला तर वर बुरशी, खाली मऊ पडलेल्या फोडी आणि आंबूस वास. दहा किलोचं लोणचं आम्ही दोघींनी परसात खड्डा काढून पुरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कैरी, तेल, हिंग, दोन दिवसांची मेहनत, सगळं गेलं. तेव्हापासून याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

कैरी अख्खी असते तोवर साल तिचं रक्षण करते. फोडली की गर उघडा पडतो आणि पाणी धरून ठेवतो. लोणच्याला जो खार सुटतो तो मिठाने बाहेर काढलेला कैरीचा स्वतःचा रस. तो खारट आणि आंबट असतो, म्हणूनच टिकतो. त्यात नळाचं पाणी मिसळलं की खार पातळ झाला आणि बुरशीला वाट मिळाली. गरम फोडणीने दुसरं नुकसान होतं. फोडी वरून शिजल्यासारख्या होतात, बरणीच्या गळ्याला वाफ धरते आणि तेच पाणी थेंबाथेंबाने खाली उतरतं. शिवाय मोहरीचा झणका ओलाव्याने फुलतो आणि उष्णतेने मरतो. गरम तेल पडलेली मोहरी नाकात जात नाही.

माझी पद्धत अशी. कैरी घट्ट, हिरवीगार, आत कोय धरलेली घेते. रात्रभर अख्खीच पाण्यात ठेवते, सकाळी पंचाने पुसून तीन-चार तास चादरीवर पसरते आणि मग घरीच फोडते. बाजारातून फोडून आणावीच लागली तर एकेक फोड कोरड्या फडक्याने पुसते आणि कोयीतला पातळ पापुद्रा काढून टाकते. वेळ लागतो. लागू द्यावा. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, १०० ग्रॅम तिखट, दोन चमचे तळून कुटलेली मेथी, हळद, सढळ हाताने हिंग आणि ३०० मिली तेल. फोडणी रात्री करते आणि सकाळी ओतते. "हाताला सोसेल इतकी कोमट" वगैरे मला मान्य नाही. गार म्हणजे गार. पहिले आठ दिवस रोज कोरड्या डावाने खालीवर करते. चौथ्या दिवशी तेल फोडींच्या वर आलेलं दिसलं नाही, तर आणखी तेल तापवून, पूर्ण गार करून घालते.

मीठ कमी करून वर्षभराचं लोणचं टिकवायचं असेल, तर तो विचार सोडा. कमी मिठाचं हवं असेल तर पाव किलोचं तात्पुरतं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. आणि फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर: नाही, वरचं काढून चालत नाही. बुरशी डोळ्यांना दिसते तिथेच थांबलेली नसते. सगळं टाका, बरणी गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा.

साखरांब्याच्या चिवट फोडी

कच्च्या फोडी थेट पाकात टाकल्या की साखर त्यांच्यातलं पाणी ओढून घेते आणि फोडी आक्रसतात. नंतर कितीही शिजवा, मऊ होत नाहीत. आधी वाफवून घ्या, मग साखर. पाक गरम असताना पातळच वाटतो. थेंब बशीत गार करून बघा आणि मगच आणखी आटवायचं का ते ठरवा. गुळांब्यालाही हेच.

केकमध्ये "रस जास्त म्हणजे चव जास्त"

ही माझी दुसरी दुखरी नस. आंब्याचा रवा केक हा खरं तर सोपा पदार्थ. रवा चुका पोटात घालतो, मैद्यासारखा चिवट होत नाही. तरी मेच्या शेवटी ओला, मधे बसलेला, वरून करपट केक मला किती घरांत खावा लागतो! कारण बहुतेक एकच. आमरस उरलेला असतो, तो बहुधा पायरीचा, पातळ, त्यात जेवणाच्या वेळी घातलेलं दूध. तो वाटीने मोजून सरळ पिठात ओततात. आंब्याच्या गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते जाणार कुठे? केक वरून तांबूस होतो, आत लगदा राहतो. मग "फुगला नाही" म्हणून पुढच्या वेळी सोडा दुप्पट घालतात. तो जास्तीचा सोडा मुरायला पिकलेल्या आंब्यात पुरेसा आंबटपणा नसतो. केकला साबणासारखी चव येते आणि तो सुंदर केशरी रंग मळकट तपकिरी होतो.

गेल्या वर्षी बहिणीच्या नातवाच्या वाढदिवसाला हेच झालं. केक ताटलीवर उपडा केला आणि मधला भाग भांड्यातच राहिला. पोरगं बिचारं काही बोललं नाही, पण त्याचा चेहरा बघून मी त्या संध्याकाळी दुसरा केक केला. सगळे थांबले.

तो असा. हापूसचा दोन वाट्या रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवून एक वाटी करते. सतत ढवळते, कारण रस उडतो आणि हात भाजतो. पूर्ण गार करते. दोन वाट्या बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी पातळ तूप, अर्धी वाटी दही आणि हा रस एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवते. रवा पाणी पितो, मिश्रण घट्ट होतं, मग इडलीच्या पिठाइतकं सैल होईल असं दूध घालते. एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा अगदी शेवटी. आधी घातला तर अर्धा तास थांबण्यातच त्याचा जोर संपतो. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. नसेल तर कढईत मीठ पसरून, वर कडं आणि त्यावर केकचं भांडं ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर पाऊण तास. पहिली २५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. वास आला म्हणून उघडून बघणाऱ्यांचे केक मधे बसतात.

रस काढण्याआधी प्रत्येक आंबा कापून बघते. हापूसमध्ये कोयीजवळ साका असतो, पांढरट, स्पंजासारखा आंबट भाग. एका आंब्यातला साका आख्ख्या पातेल्याची चव बिघडवतो. पिळून रस काढणाऱ्यांना तो दिसतच नाही. पाऊस पडून गेल्यावर घेतलेल्या आंब्यात अळीही बघा.

बाकीचं थोडक्यात

सांदणाला, म्हणजे फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या इडल्यांना, बरका फणसच हवा. काप्याचे, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाचे, गरे मिक्सरमधून काढून सांदण करू नका. तो रस नाही, चोथा आहे.

साठं, म्हणजे उन्हात वाळवलेली आंबापोळी, जाड थापू नका. तूप लावलेल्या ताटात पातळ थर, तो सुकल्यावर दुसरा. आभाळ भरून आलं असेल तर सुरूच करू नका, रस आटवून ठेवा.

कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवले तर ते पिकत नाहीत, सुरकुततात.

अमृत कोकमाला साखर कमी करू नका. रातांब्याच्या वाट्यांच्या वजनाच्या किमान दुप्पट साखर, काचेची बरणी आणि कडक ऊन. साखर कमी पडली की दोन-तीन दिवसांत फसफसतं. पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्याला हे आंबट लावू नका. आणि बिया टाकू नका. धुऊन वाळवून ठेवल्या की त्यांचं मुठेल म्हणजे कोकमाचं तेल निघतं, थंडीत भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.