बंड्याची खाज आणि आमचा खिमा-भात

आमचा बंड्या चार वर्षांचा लॅब्राडोर. गेल्या पावसाळ्यात पंजे चाटून चाटून त्याने बोटांमधली कातडी लालभडक केली. कानाला आंबूस वास, आणि दिवसाआड पातळ शी. गोचीड नव्हते, जंताचं औषध झालेलं. डॉक्टर म्हणाले, खाण्यातल्या कशाची तरी ॲलर्जी असेल; आठ आठवडे त्याने कधी न खाल्लेलं मांस द्या, बाकी सगळं बंद. तयार खाद्याच्या गोणीवर मागे बारीक अक्षरात पाहिलं तर पहिलंच नाव कोंबडी. आम्ही वर उकडलेलं चिकनही घालत होतो!

मग बकऱ्याचा कमी चरबीचा खिमा, मऊ भात आणि लाल भोपळा. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर कुत्र्याला विषच. जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत दहा दिवसांत पूर्ण बदललं. एकदम बदललं असतं तर पोट आणखी बिघडलं असतं.

शी दोन आठवड्यांत बांधून झाली. खाज मात्र हटेना. एके सकाळी पाहिलं, आई चहात बुडवलेलं बिस्कीट टेबलाखालून सरकवतेय. "एवढ्याशानं काय होतंय रे?" ते थांबवल्यावर सहाव्या आठवड्यात पंजांवर केस दिसू लागले. खात्रीसाठी पुन्हा चिकन दिलं, तर तिसऱ्या दिवशी चाटणं सुरू.

नुसत्या खिमा-भातात कॅल्शियम फार कमी पडतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं. आता कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलीय. खिशाला चाट बसते. रविवारी आठवड्याचं शिजवून डबे फ्रीजरमध्ये टाकतो, आणि कुकरची शिट्टी झाली की बंड्या ओट्याखाली हजर.