इंग्रजीत वय विचारायचं असेल तर

इंग्रजीत सभ्यपणे वय कसं विचारावं, यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘हाउ ओल्ड आर यू?’ला शेवटी ‘प्लीज’ जोडा. हा सल्ला कुचकामी आहे. ‘हाउ ओल्ड आर यू, प्लीज?’ ऐकलं की समोरच्याला कुणीतरी फॉर्म भरून घेतंय असं वाटतं. दुसरा सल्ला ‘व्हॉट इज युअर एज?’चा, कारण त्यात म्हणे ‘ओल्ड’ येत नाही. व्याकरण बरोबर, पण गप्पांमध्ये हे वाक्य आणखी कोरडं लागतं. ‘मे आय नो युअर एज?’ची तीच गत. बँकेच्या किंवा विम्याच्या फोनवर ते चालून जातं, जेवणाच्या टेबलावर मात्र चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं.

मऊ शब्द पेरून काम भागत नाही. आपण का विचारतोय हे समोरच्याला कळलं पाहिजे आणि न सांगण्याची मोकळीक त्याला मिळाली पाहिजे. हे दोन्ही जमलं तर अगदी साधं वाक्यही सभ्य वाटतं.

१. आकडा खरंच हवाय का?

बहुतेक वेळा नको असतो. आपल्याला कळून घ्यायचं असतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते थेट विचारता येतं.

समोरची व्यक्ती आपल्याच वयाची आहे का, एवढंच हवं असेल तर आधी स्वतःचं वय सांगा: ‘आय ॲम थर्टी-फोर. आय थिंक वुई मस्ट बी अबाउट द सेम एज.’ आणि थांबा. सांगायचं असेल तर ती व्यक्ती आकडा सांगेल, नसेल तर ‘प्रॉबब्ली!’ म्हणून पुढे जाईल. कुणाचीच पंचाईत होत नाही.

भावंडांत मोठं कोण हे हवं असेल तर ‘आर यू द एल्डेस्ट?’ किंवा ‘आर यू ओल्डर ऑर यंगर दॅन युअर सिस्टर?’ इथे ‘एल्डर दॅन’ म्हणू नका, ‘एल्डर’च्या पुढे ‘दॅन’ येत नाही. वाढदिवस हवा असेल तर ‘व्हेन इज युअर बर्थडे?’ पुरे, त्यात दिवस आणि महिना कळतो. लगेच ‘व्हिच इयर?’ जोडलंत की तो वयाचाच प्रश्न झाला. तिशी, चाळिशी, पन्नाशी अशी मोठी पायरी गाठली जातेय का, हे हळूच विचारायचं तर ‘इज इट अ बिग वन?’ हा इंग्रजीतला रुळलेला प्रयोग आहे.

वयाची अट असेल तर फक्त अटीपुरतं विचारा: ‘देअर इज ॲन एज लिमिट, सो आय हॅव टू आस्क. आर यू ओव्हर एटीन?’ उत्तर हो किंवा नाही, नेमकं वय सांगायची गरजच नाही. दारू विकणाऱ्या दुकानात तर वय विचारतच नाहीत, ओळखपत्र मागतात: ‘कॅन आय सी सम आयडी, प्लीज?’ अमेरिकेत ही मर्यादा २१ वर्षांची आहे, ब्रिटनमध्ये १८ची. पण ब्रिटनमधली बरीच दुकानं ‘चॅलेंज ट्वेंटी-फाइव्ह’ पाळतात, म्हणजे पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात. तिशीत कुणी ओळखपत्र मागितलं तर मनाला लावून घेऊ नका.

एक मात्र करू नका. आकडाच हवा असताना ‘व्हेन डिड यू ग्रॅज्युएट?’ विचारून मनातल्या मनात बेरीज करत बसणं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार समोरच्याला हमखास कळतो, आणि सरळ प्रश्नापेक्षा जास्त खटकतो.

२. कुणाला विचारताय?

लहान मुलांना सरळ विचारा, ‘अँड हाउ ओल्ड आर यू?’ त्यांना ते आवडतं. मोठ्यांना पुढच्या पायरीप्रमाणे. ‘बाईला वय विचारू नये’ हा नियम अर्धवट आहे. पन्नाशीत नोकरी शोधणाऱ्या पुरुषालाही हा प्रश्न बोचतो, आणि पंचविशीत टीम सांभाळणाऱ्या कुणालाही त्यात ‘एवढ्या लहान वयात?’ ऐकू येतं.

३. वाक्य बांधणं

सगळी अडचण इथे आहे. वाक्याचे तीन भाग: कारण, परवानगी, प्रश्न.

‘वुई आर मेकिंग टीम्स बाय एज ग्रुप, सो डू यू माइंड इफ आय आस्क हाउ ओल्ड यू आर?’

शेवटचे चार शब्द पुन्हा वाचा. ‘हाउ ओल्ड यू आर.’ शाळेपासून ‘हाउ ओल्ड आर यू’ जिभेवर इतकं बसलेलं असतं की घाईत ‘डू यू माइंड इफ आय आस्क हाउ ओल्ड आर यू?’ असंच बाहेर पडतं. ते चूक आहे. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याची प्रश्नाची उलटी रचना जाते, आधी कर्ता आणि मग क्रियापद येतं. ‘हाउ ओल्ड इज शी’चं ‘हाउ ओल्ड शी इज’ होतं, ‘व्हेन वॉज ही बॉर्न’चं ‘व्हेन ही वॉज बॉर्न’.

नियम पाठ करून बोलताना उपयोग होत नाही, कारण बोलता बोलता नियम आठवायला वेळ नसतो. शेपूट वेगळं घोटा. ‘हाउ ओल्ड यू आर, हाउ ओल्ड शी इज, हाउ ओल्ड दे आर’ एवढंच, सुटं, मोठ्याने, जीभ न अडखळेपर्यंत. मग पुढचा भाग बदलत जा: ‘कॅन आय आस्क हाउ ओल्ड यू आर?’, ‘डू यू माइंड टेलिंग मी हाउ ओल्ड यू आर?’, ‘आय वॉज वंडरिंग हाउ ओल्ड यू आर.’ शेपूट पक्कं असलं की पुढे काहीही जोडलं तरी वाक्य मोडत नाही.

आणखी एक बारकावा. या शेपटाचं क्रियापद आखूड करता येत नाही. ‘यू आर’चं ‘युअर’ किंवा ‘ही इज’चं ‘हीज’ इंग्रजीत सतत होतं, पण वाक्याच्या शेवटी नाही. ‘कॅन आय आस्क हाउ ओल्ड हीज?’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘ही इज’ पूर्ण आणि स्पष्ट म्हणायचं.

एवढं करूनही घोटाळा होत असेल तर परवानगी मागे न्या: ‘हाउ ओल्ड आर यू, इफ यू डोन्ट माइंड मी आस्किंग?’ इथे प्रश्न स्वतंत्र उभा आहे, म्हणून त्याचा नेहमीचा क्रम तसाच राहतो. स्वल्पविरामाशी किंचित थांबायचं आणि मागचा भाग हलक्या आवाजात म्हणायचा. नव्याने बोलायला लागलेल्यांनी सरळ हेच वाक्य उचलावं. सभ्यपणात ते तसूभर कमी नाही.

आता ‘डू यू माइंड’च्या उत्तराकडे. त्याचा सरळ अर्थ ‘तुमची हरकत आहे का?’ त्यामुळे ‘नो’ किंवा ‘नॉट ॲट ऑल’ ही परवानगी असते. ‘नो’ कानावर पडताच ‘ओह, सॉरी’ म्हणून माघार घेणारे खूप दिसतात, आणि सांगायला तयार असलेला माणूस गोंधळून बघत राहतो. उलट बाजूने ‘शुअर, आय ॲम फिफ्टी-टू’ असंही उत्तर येतं, तिथेही होकारच आहे. म्हणून पहिल्या शब्दावर निष्कर्ष काढू नका, पुढचे दोन शब्द येऊ द्या. हा गुंताच नको असेल तर ‘कॅन आय आस्क’ वापरा, तिथे ‘येस’ म्हणजे हो आणि ‘नो’ म्हणजे नाही.

‘वुड यू माइंड’ हे ‘डू यू माइंड’पेक्षा एक पायरी नरम आहे, पण त्याच्या पुढे ‘इफ’ आलं की भूतकाळ येतो: ‘वुड यू माइंड इफ आय आस्क्ड हाउ ओल्ड यू आर?’ याहून नरम करायच्या नादाला लागू नका. ‘आय वॉज जस्ट वंडरिंग इफ यू वुड पॉसिब्ली माइंड टेलिंग मी…’ इथपर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा सावध झालेला असतो, आता काय विचारताय म्हणून. नरमाईचा एक थर पुरे.

‘ओल्ड’ शब्दाला बिचकून ‘हाउ यंग आर यू?’ म्हणणं तर कटाक्षाने टाळा. वयस्कर माणसाला ते लहान मुलासारखं चुचकारल्यासारखं लागतं. ‘हाउ ओल्ड’ दोन महिन्यांच्या बाळालाही वापरतात, त्यात म्हातारपण कुठेच नाही.

शेवटची गोष्ट म्हणजे जोर. ‘हाउ ओल्ड आर यू’मध्ये नेहमीचा जोर ‘ओल्ड’वर. तो ‘आर’वर गेला की संशय ऐकू येतो, पोरकटपणा करणाऱ्याला ‘वय काय तुझं?’ म्हणून सुनावल्यासारखा. ‘यू’वर जोर फक्त समोरच्याने आधी तुमचं वय विचारलं असेल आणि तुम्ही उलट विचारत असाल तेव्हाच.

४. उत्तर ऐकणं

‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची गल्लत होते. ‘थर्टी’त जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘थर्टीन’मध्ये बहुतेक वेळा दुसऱ्यावर. पण ‘थर्टीन इयर्स’ असं पुढे काही आलं की तोही पहिल्या अक्षरावर सरकतो, म्हणून जोरावर विसंबू नका, शेवटचा ‘न’ ऐका. शंका असली तर सुटे आकडे विचारा: ‘सॉरी, वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’

कुणी ‘इन माय फिफ्टीज’ म्हणालं तर पन्नास ते एकोणसाठमधलं काहीही. ‘अर्ली फिफ्टीज’ म्हणजे नुकतीच पन्नाशी ओलांडलेली, ‘मिड’ म्हणजे पंचावन्नच्या आसपास, ‘लेट’ म्हणजे साठीच्या अलीकडे. ‘पुशिंग सिक्स्टी’ म्हणजे साठीला टेकलेलं. त्यांना जेवढं सांगायचं होतं तेवढं त्यांनी सांगितलंय, आता खोदून विचारायचं नाही. ‘ओल्ड इनफ टू नो बेटर’ असं हसत उत्तर आलं तर तो नकारच समजायचा. स्पष्ट नकार ‘आयड रादर नॉट से’ असा येतो. त्यावर ‘ऑफ कोर्स, नो प्रॉब्लेम’ एवढंच म्हणून लगेच विषय बदला. तीनतीनदा ‘सॉरी’ म्हटलंत तर आता समोरच्यालाच तुमची समजूत घालावी लागते.

आकडा मिळाल्यावर ‘रिअली?’ नको. ‘यू लुक ग्रेट फॉर युअर एज’मधलं ‘फॉर युअर एज’ सगळ्या कौतुकावर पाणी ओततं. ‘यू लुक सो यंग’ हे साठीतल्या माणसाला गोड वाटेलही, सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला नाही. उत्तर कारणाशी जोडून पुढे चला: ‘ग्रेट, दॅट पुट्स यू इन द ओव्हर-फॉर्टीज ग्रुप.’

मग तुमचीही पाळी येते. ‘आय ॲम थर्टी-फोर’ किंवा ‘आय ॲम थर्टी-फोर इयर्स ओल्ड’. नुसतं ‘आय ॲम थर्टी-फोर इयर्स’ अपुरं आहे. ‘थर्टी-फाइव्ह रनिंग’ आपल्याकडे समजतं, बाहेर कुणालाही कळत नाही. त्याऐवजी ‘आय ॲम टर्निंग थर्टी-फाइव्ह इन मार्च’ म्हणा.

५. तिसऱ्याचं वय

सोपं आहे. बाळाला ‘इट’ म्हणू नका. मुलगा की मुलगी माहीत नसेल तर ‘हाउ ओल्ड इज युअर लिटल वन?’ साधारण दोन वर्षांपर्यंत उत्तर महिन्यांत येतं, ‘एटीन मंथ्स’ म्हणजे दीड वर्ष. ‘शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ला ‘इयर्स’, पण ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’ला ‘इयर’. कुणाच्या आईवडिलांबद्दल विचारताना शेवटी ‘नाउ’ लावलं, ‘हाउ ओल्ड इज युअर मदर नाउ?’, की त्यात आपुलकी येते. कुणी गेल्याची बातमी सांगत असेल तर वय विचारू नका, सांगायचं तर ते स्वतः सांगतात.

६. मुलाखत आणि कागदपत्रं

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला वय विचारू नका. अमेरिकेत वयावरून भेदभावाविरुद्धचा १९६७चा कायदा ४० वर्षं आणि त्यापुढच्यांना संरक्षण देतो. तो कायदा नुसत्या प्रश्नावर थेट बंदी घालत नाही, पण पुढे तक्रार झाली तर हा प्रश्न तुमच्या विरोधात पुरावा म्हणून मांडला जाऊ शकतो. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यातही वय संरक्षित आहे. किमान वयाची अट असेल तर ‘आर यू ॲट लीस्ट एटीन?’, आणि कामाची जाण तपासायची असेल तर ‘हाउ लाँग हॅव यू बीन डुइंग धिस काइंड ऑफ वर्क?’

दवाखान्यात किंवा फोनवर ओळख पटवताना वयाऐवजी जन्मतारीख घेतात: ‘कॅन आय टेक युअर डेट ऑफ बर्थ, प्लीज?’ इथे मात्र ‘प्लीज’ हवंच. तारीख लिहून घेताना देशाकडे लक्ष ठेवा. ०४/०७/१९९० ही अमेरिकेत ७ एप्रिल असते आणि ब्रिटनमध्ये ४ जुलै. महिना आकड्याने न घेता नावाने घ्या, आणि लिहून झाल्यावर एकदा वाचून दाखवा: ‘दॅट्स द फोर्थ ऑफ जुलाय, नाइन्टीन नाइन्टी?’