परिचर्येची पदवी हाती आल्यावर पहिली नोकरी कशी निवडावी

बी.एस्सी. नर्सिंगचा किंवा जीएनएमचा (परिचर्येच्या पदविकेचा) निकाल लागला की मुलामुलींचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: पगार किती मिळेल आणि हॉस्पिटलचे नाव किती मोठे आहे. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, कारण बहुतेकांच्या घरी फीसाठी कर्ज काढलेले असते आणि ते फेडायचे असते. मात्र इतकी वर्षे वॉर्डात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिल्या नोकरीपुरता तिसराच प्रश्न सर्वांत मोठा आहे: रात्रपाळीत मी अडले, तर माझ्या शेजारी कोण असेल?

आधी कागदपत्रे

अर्ज करण्यापूर्वी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी पूर्ण करावी. आपल्या राज्यात ही नोंदणी १९६६ च्या परिचारिका अधिनियमाखाली होते. काही ठिकाणी नोंदणी नसलेल्या नव्या मुलींना 'ट्रेनी' म्हणून घेतात आणि आठवड्याभरात एकटीवर वॉर्ड सोपवतात. त्या काळात काही चूक झाली तर तुमच्यामागे ना परिषद असते ना कागद, म्हणून महिनाभर थांबावे लागले तरी थांबावे. गुणपत्रिका, आधार कार्ड आणि नोंदणी प्रमाणपत्र या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे आत्ताच पाहून घ्यावे. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या अंतराने पूर्ण झाल्याची नोंदही फाइलला लावावी.

दोन वर्षांनंतर कुठे असायचे आहे, ते आज ठरवावे

हा विचार न करता घेतलेली पहिली नोकरी पुढे महागात पडते, विशेषतः जीएनएम झालेल्यांना. एम्स रुग्णालयांतील परिचारिकांच्या भरतीसाठी २०२० पासून घेतल्या जाणाऱ्या नॉरसेट परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंग झालेले उमेदवार अनुभव नसतानाही बसू शकतात. जीएनएमच्या उमेदवारांकडे मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. घराजवळच्या ३० खाटांच्या नर्सिंग होममध्ये तुम्ही दोन वर्षे कितीही मनापासून राबलात, तरी त्या परीक्षेसाठी ती धरली जात नाहीत. म्हणून मुलाखतीतच खाटांची मंजूर संख्या विचारावी, आणि नोकरी सोडताना मिळणाऱ्या अनुभव प्रमाणपत्रावर पद, तारखा आणि खाटांची संख्या लिहून देतात का, हेही स्पष्ट करून घ्यावे. आखाती देशांत जाण्याचा विचार असेल तर तिथेही बहुधा दोन वर्षांचा सलग अनुभव मागतात.

जिल्हा रुग्णालयातील किंवा महापालिकेतील अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) कायम नोकरी हेच ध्येय असेल, तर भरती निघेपर्यंतचा काळ चांगल्या वॉर्डात घालवावा. कंत्राटी पद घेताना करार किती महिन्यांचा आहे आणि त्याचे नूतनीकरण कसे होते, हे वाचून घ्यावे. गावच्या आरोग्य उपकेंद्रावर नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु उपकेंद्रावर बऱ्याचदा निर्णय एकटीने घ्यावा लागतो, त्यामुळे वॉर्डात निदान एक वर्ष हात बसल्यावर तिकडे वळावे, असे मी सुचवीन.

वॉर्ड स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा

मुलाखत मेट्रनच्या, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांच्या, केबिनमध्ये होते, पण नोकरी वॉर्डात करायची असते. म्हणून 'मला वॉर्ड पाहता येईल का' असे नम्रपणे विचारावे आणि शक्य झाल्यास ड्यूटी बदलण्याच्या वेळी, म्हणजे सकाळी आठच्या किंवा दुपारी दोनच्या सुमारास, तिथे उभे राहावे. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, कशी दिली जाते, यावरून त्या हॉस्पिटलबद्दल बरेच काही कळते. सिस्टर प्रत्येक खाटेपाशी जाऊन, रुग्णाची सलाईन, लघवीची पिशवी आणि जखमेची पट्टी दाखवत ओव्हर देत असतील, तर तिथे शिकायला मिळेल. टेबलापाशी उभ्याउभ्या 'सगळे ठीक आहेत, सात नंबरचा ताप बघा' एवढ्यावर निघून जात असतील, तर तुमच्या पहिल्या रात्रीही एवढीच माहिती तुमच्या हाती असेल.

त्यानंतर रुग्ण मोजावेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णापाशी स्वतंत्र परिचारिका हवी. प्रत्यक्षात हे आकडे क्वचितच पाळले जातात, त्यामुळे 'रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात?' असा थेट प्रश्न विचारावा आणि तोच प्रश्न वॉर्डातल्या मावशींनाही विचारून पाहावा. दोन्ही उत्तरे जुळली तर विश्वास ठेवावा.

या प्रश्नावर मी इतका जोर का देते, ते सांगते. माझी पहिली नोकरी एका छोट्या नर्सिंग होममध्ये होती आणि तिसऱ्याच आठवड्यात मी अठरा रुग्णांसह एकटी नाईटला होते. डॉक्टरांनी फोनवर पोटॅशियम क्लोराइडची ऑर्डर दिली. ट्रेमध्ये त्याची अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूल शेजारीशेजारी पडलेली होती, दोन्ही दहा मिलिलिटरच्या, दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. हे औषध सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे असते, थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडू शकते, हे मी परीक्षेत लिहिले होते. पण त्या रात्री लेबल वाचून खात्री करायला दुसरे डोळे नव्हते. मी दोनदा वाचले, डॉक्टरांना पुन्हा फोन लावला, त्यांचे रागावणे ऐकून घेतले आणि मगच ते सलाईनमध्ये मिसळले. पुढच्या नोकरीत अशा औषधावर दोन जणींच्या सह्या लागत. तिथे पगार थोडा कमी होता, तरी मी खऱ्या अर्थाने काम शिकले ते तिथेच.

म्हणूनच नव्यांना किती आठवडे अनुभवी सिस्टरबरोबर ठेवतात आणि त्या काळात रोस्टरमध्ये (ड्यूटीच्या तक्त्यात) त्यांना स्वतंत्र मोजतात का, हे विचारावे. असे प्रशिक्षण खरोखर असेल तर थेट आयसीयू घेण्यात काही गैर नाही. नसेल तर आधी मेडिसिन किंवा सर्जरीच्या वॉर्डात वर्ष काढावे.

पगार आणि नियुक्तिपत्र

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या होत्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, १०० हून अधिक खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २०,००० रुपयांहून कमी असू नये, असे त्यात म्हटले आहे. हे आकडे अनेक ठिकाणी अद्याप कागदावरच आहेत आणि त्याची मला मनापासून खंत वाटते. तरीही बोलणी करताना ते माहीत असलेले बरे. सांगितलेली रक्कम भविष्यनिर्वाह निधी कापून हातात किती येते, हे विचारावे आणि शहरात जायचे असेल तर खोलीभाडे, मेस आणि रात्रीचा प्रवास त्यातून वजा करून पाहावा. समजा, पुण्यात पाच हजार जास्त मिळत आहेत, पण खोली आणि मेसला सात हजार जात आहेत, तर तो पगार मोठा नव्हे.

मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. ती दाखवावीत, छायांकित प्रती द्याव्यात आणि मूळ प्रती परत घ्याव्यात. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर मुदत आणि सोडताना भरायची रक्कम वाचावी, आणि प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याची अट असेल तर ती नोकरी सोडून द्यावी. रात्रपाळी सलग किती असतात, नाईट ऑफ मिळतो का, डबल ड्यूटीचा मोबदला कसा देतात, हे लेखी नसले तरी विचारावे.

आणखी दोन गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत का, ते पाहावे. दुसरी गोष्ट सुई टोचण्याची. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करावे लागते आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून ते रात्री तीन वाजताही कुठे आणि कोणाकडून मिळेल, याचे उत्तर इन्चार्ज सिस्टरला तोंडपाठ असायला हवे.

नियुक्तिपत्र समोर ठेवून लगेच सही मागितली, तर घरी नेऊन वाचण्यासाठी दोन दिवस मागावेत. ते देण्यास नकार मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणच्या मुलाखतीची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी.